प्रमाणपत्राच्या अलीकडे आणि पलीकडे

मोठ्या शहरांतील ज्या वस्त्यांची नावे वर्तमानपत्रांत बहुधा गुन्ह्यांच्या, आगींच्या किंवा पाडकामांच्या बातम्यांबरोबरच येतात, तेथील तरुणांना एखादे कौशल्य शिकवले की ते मार्गाला लागतील, ही समजूत सरकारी योजनांत, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या नियोजनात आणि सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनातही खोल रुजलेली आहे. ती अगदीच निराधार नाही, कारण हातात कसब आणि महिन्याकाठी बेताचे का होईना पण निश्चित उत्पन्न असलेल्या तरुणाला नाक्यावरच्या 'भाई'ची गरज कमी भासते, हे वस्तीत काम करणारा कोणीही सांगेल. तथापि मुंबईत वस्तीत राहून केलेल्या या प्रकारच्या कामाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बारकाईने पाहिला असता असे दिसते की प्रत्यक्ष शिकवणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग असून खरी अवघड कामगिरी वर्ग सुरू होण्याच्या आधी आणि प्रमाणपत्र हाती पडल्याच्या नंतर करावी लागते. आज पैसा आणि मनुष्यबळ मात्र बव्हंशी मधल्या, सोप्या भागावरच खर्च होते.

येथे वस्तीसंपर्क म्हणजे केवळ पत्रके वाटणे किंवा रिक्षावर भोंगा लावून प्रवेशाची घोषणा करणे अभिप्रेत नाही. संस्थेच्या दारात न येणाऱ्या तरुणापर्यंत कार्यकर्त्याने स्वतः जाणे, त्याच्या घरच्यांशी आणि मित्रमंडळींशी ओळख वाढवणे, त्याच्या अडचणी समजून घेणे आणि हे सर्व कोणत्याही वर्गाची जागा भरायची नसतानाही करत राहणे, असा त्याचा अर्थ आहे. कौशल्य प्रशिक्षण म्हणजे वायरिंग, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, रुग्णसेवा, वाहन दुरुस्ती यांसारख्या एखाद्या कामाची पद्धतशीर शिकवण आणि तिच्या अखेरीस मिळणारी मान्यता. ही दोन्ही कामे एकमेकांपासून तोडली गेली की पहिले निव्वळ सहानुभूतीच्या पातळीवर राहते आणि दुसरे हजेरीपटाच्या.

एखादी वस्ती अशांत का होते, या प्रश्नाचे उत्तर तेथे राहणाऱ्या माणसांच्या स्वभावात शोधण्याची सवय फार जुनी आहे; उत्तर खरे तर त्या वस्तीच्या जन्मकथेत सापडते. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे 42 टक्के लोकसंख्या झोपडवस्त्यांत राहत होती, परंतु या सर्व वस्त्या सारख्या नाहीत. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा भाग ज्यात येतो तो महानगरपालिकेचा एम-पूर्व विभाग शहराच्या 2009 च्या मानव विकास अहवालात सर्व विभागांमध्ये तळाशी होता. शहराला जे नकोसे वाटले ते या विभागाकडे लोटले गेले, असेच त्याचा इतिहास सांगतो. देवनारची कचराभूमी 1927 पासून येथे आहे आणि शहराचा कत्तलखाना येथेच आहे. शहराच्या अन्य भागांतून हटवलेल्या कुटुंबांना 1970 च्या दशकात शिवाजीनगर परिसरात भूखंड देण्यात आले, 1976 मध्ये अणुसंशोधन केंद्राशेजारील जनता कॉलनी उठवून तेथील हजारो रहिवाशांना चीता कॅम्पमध्ये नेण्यात आले, आणि पुढे 2002 नंतर रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांत घरे गेलेल्या कुटुंबांसाठी लल्लुभाई कंपाउंड, वाशी नाका यांसारख्या ठिकाणी दाटीवाटीच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक स्थलांतरात घराबरोबरच शेजार, उधारीवर किराणा देणारा दुकानदार, मुलाला ओळखणारे शिक्षक आणि बापाला रोजचे काम मिळवून देणारी माणसेही तुटली. ज्या मुलाचे बालपण अशा तुटलेल्या नात्यांच्या मध्ये गेले, त्याला आधार देणारी पहिली संघटित व्यवस्था जर 'बटन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्या विकणाऱ्यांची असेल, तर तो त्या मुलाच्या चारित्र्याचा दोष म्हणता येत नाही.

या प्रश्नाची दुसरी, अधिक जुनी बाजू गिरणगावात दिसते. लालबाग, परळ, भायखळा, डिलाईल रोड या भागांतील मुलांसाठी कापड गिरणी ही एकाच वेळी शाळा, नोकरी आणि प्रतिष्ठा होती. गावाकडून आलेला किंवा चाळीतच वाढलेला मुलगा वडिलांच्या, काकांच्या किंवा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या ओळखीने 'बदली' म्हणून लागत असे, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जात असे, आणि साच्यावर अनुभवी माणसाच्या शेजारी उभा राहून काम शिकता शिकता कायम होण्याची वाट पाहत असे. ही पद्धत न्याय्य होती असे मुळीच नाही. जॉबरची मर्जी, जातीची उतरंड आणि बदलीची अनिश्चितता यांनी ती भरलेली होती, आणि विणखात्यासारख्या चांगल्या पगाराच्या खात्यांतून दलित कामगारांना दूर ठेवले जात असे. तरीही शिकणे, काम मिळणे आणि वस्तीत मान मिळणे या तीन गोष्टी तिने एकत्र बांधलेल्या होत्या. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा हा बांधलेला क्रम एका पिढीच्या आत उसवला. त्या भागात टोळ्या संपाच्या आधीही होत्या, म्हणून टोळीयुद्धाचे सारे खापर संपावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ज्यांच्या वडिलांची नोकरी गेली आणि ज्यांची स्वतःची कधी लागलीच नाही, अशा मुलांची मोठी संख्या त्या काळात टोळ्यांच्या हाती आयती आली, हेही तितकेच खरे आहे. गिरणगावात कसब कमी नव्हते. कसबाला काम आणि मान देणारी व्यवस्था नाहीशी झाली होती, आणि कोणत्याही प्रशिक्षण योजनेचे मूल्यमापन करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

बिघडण्याच्या वाटेवर असलेल्या मुलांना हस्तव्यवसाय शिकवावा ही कल्पना या शहराला गिरण्यांइतकीच जुनी आहे. अनाथ, निराधार आणि किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या 10 ते 18 वयाच्या मुलांना एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याची तरतूद करणारा कायदा 1850 मध्ये झाला, आणि डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारगृहवजा उद्योगशाळा मुंबईत 1857 पासून चालत आली. या प्रयत्नांचा पाया मुलाला वस्तीपासून दूर नेण्याचा होता. वस्ती हीच बिघाडाचे मूळ मानली गेल्यामुळे चार भिंतींच्या आत शिस्त आणि कसब दोन्ही शिकवता येईल, असा त्यामागचा विश्वास होता. पण मुलगा परत वस्तीतच जाणार होता, आणि तेथे काहीही बदललेले नसणार होते.

विचाराची दिशा खऱ्या अर्थाने बदलली ती नागपाड्यात. लंडनच्या पूर्व भागात 1884 मध्ये स्थापन झालेले टॉयन्बी हॉल आणि शिकागोत जेन ॲडम्स यांनी 1889 मध्ये सुरू केलेले हल हाउस यांनी 'सेटलमेंट' नावाची एक पद्धत रूढ केली होती. काम करणाऱ्यांनी गरीब वस्तीतच घर करून राहावे, शेजारी व्हावे आणि शेजाऱ्यांच्या गरजांतून उपक्रम घडवावेत, असे तिचे स्वरूप होते. शिकागो विद्यापीठात शिकलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आले आणि 1926 मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस सुरू झाले. नागपाडा त्या वेळीही अनेक धर्मांच्या, भाषांच्या आणि देशांच्या गरीब माणसांची दाट वस्ती होती, आणि कामाठीपुरा तिच्या लगतच होता. तेथे खेळ, वाचन, वर्ग, व्याख्याने असे उपक्रम धर्माची अट न घालता चालवले गेले. या कामातूनच मॅनशार्ट यांच्या लक्षात आले की सदिच्छा पुरेशी नसते, वस्तीत काम करणाऱ्यालाच आधी प्रशिक्षणाची गरज असते, आणि त्यांच्या आग्रहातून सर दोराबजी टाटा ट्रस्टने 1936 मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर संस्था स्थापन केली, तिची सुरुवात याच नेबरहुड हाउसच्या जागेत झाली. 1944 मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि 1954 मध्ये ती देवनारला, म्हणजे पुढे एम-पूर्व विभागात मोडणाऱ्या भागात गेली. तरुणाला शिकवण्यापूर्वी त्याच्याकडे जाणारा माणूस शिकलेला असावा, हा नागपाड्याचा धडा आज सर्वाधिक विसरला गेला आहे. अनेक प्रशिक्षण केंद्रांत वस्तीत जाऊन मुले आणणाऱ्या 'मोबिलायझर'चे पद सर्वांत कमी पगाराचे आणि सर्वांत अल्पकाळ टिकणारे असते. त्याच्याकडे मोठे काम सोपवलेले असते आणि त्याला मोजले मात्र 'बॅच' भरली की नाही एवढ्यावर जाते.

नागपाड्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. तेथील मैदानांवर बास्केटबॉल असा रुजला की त्या छोट्याशा भागाने भारताला अब्बास मुंतसिर यांच्यासारखे राष्ट्रीय संघाचे कर्णधार दिले. खेळ म्हणजे मुलांना गुंतवून ठेवण्याची युक्ती, असे मानण्याची चूक पुष्कळ योजनांत होते. ठरलेल्या वेळी मैदानावर येणे, हरल्यावर भांडण न करता घरी जाणे, प्रशिक्षकाचे बोलणे अपमान न मानता ऐकून घेणे, दुसऱ्या गल्लीतल्या मुलाला चेंडू देणे या सवयी कारखान्यात किंवा दुकानात टिकून राहण्यासाठी तांत्रिक ज्ञानाइतक्याच लागतात, आणि त्या व्याख्यानातून येत नाहीत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात केली, ती पुढे 'स्लम सॉकर' या नावाने देशभर पोहोचली आणि नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (2022) या चित्रपटामुळे घराघरांत माहीत झाली. मुंबईत 1999 मध्ये सुरू झालेल्या 'मॅजिक बस'चा प्रवासही खेळापासून उपजीविकेच्या प्रशिक्षणाकडे झाला. या दोन्ही कामांत मुलाशी नाते प्रथम जुळते, त्याच्या भविष्याचा विषय मागाहून निघतो, आणि हाच क्रम योग्य आहे.

वस्तीत तरुणांचे संघटन मुळीच नसते, असे समजून बाहेरची संस्था काम सुरू करते तेव्हा ती एक तयार पाया नाकारत असते. गणेशोत्सव मंडळ, गोविंदा पथक, भीमजयंती उत्सव समिती, मोहर्रम किंवा ईद-ए-मिलादची व्यवस्था पाहणारी पोरे, नाक्यावरचा क्रिकेट संघ ही सर्व तरुणांची स्वतःची संघटनेची रूपे आहेत. दहीहंडीच्या आधी कित्येक आठवडे रोज रात्री सराव करणाऱ्या पथकात जबाबदारीची वाटणी, शिस्त आणि एकमेकांवरचा विश्वास असतो. वर्गणीचा हिशेब ठेवणारा मुलगा लेखापालाचे पहिले पाठ गिरवत असतो. याच मंडळांवर राजकीय पक्षांची आणि कधी कधी गुंडांचीही पकड असते, ही अडचण खरी आहे. पण ती टाळण्यासाठी मंडळांकडे पाठ फिरवली तर तरुणांचा संपूर्ण समुदाय त्या पकडीतच सोडून दिला जातो.

संपर्काची ताकद शांततेच्या काळात दिसत नाही, ती ताणाच्या काळात दिसते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मधील मुंबईच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार 900 माणसे मृत्युमुखी पडली. 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली पाहिलेले भिवंडी त्या वेळी मात्र शांत राहिले, आणि त्याचे श्रेय तेथे 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना मोठ्या प्रमाणात दिले जाते. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी आणि पोलीस ठराविक काळाने एकत्र बसत, किरकोळ तक्रारी तेथेच सोडवत आणि एकमेकांना नावानिशी ओळखत, एवढीच ती यंत्रणा होती. मुंबईत दंगलींनंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली आणि पोलीस व वस्तीतील तरुण यांचे क्रिकेट सामने हा तिचा एक परिचित उपक्रम ठरला. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन शेजाऱ्यांनी सलोख्यासाठी केलेले काम 'नाता' (2003) या माहितीपटात नोंदवले गेले आहे. कौशल्य प्रशिक्षणाशी या सर्वांचा संबंध दूरचा वाटेल, परंतु तो अगदी थेट आहे. पोलीस ज्याला केवळ संशयित म्हणून ओळखतात, त्या मुलाला रात्रपाळीवरून परतताना अडवले जाते, सणासुदीच्या आधी खबरदारीची कारवाई म्हणून ठाण्यात बसवून ठेवले जाते आणि दोन दिवस गैरहजर राहिल्यामुळे त्याची नोकरी जाते. ठाण्यातला हवालदार त्याला क्रिकेट संघातला मुलगा म्हणून ओळखत असेल, तर ती नोकरी वाचते.

आता प्रशिक्षणाच्या मधल्या भागाकडे वळता येईल. देशात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची, म्हणजे आयटीआयची व्यवस्था 1950 पासून आहे आणि उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. या दोन्ही व्यवस्था भक्कम आहेत, पण आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते आणि ते एक किंवा दोन वर्षांचे असतात, तर अशांत वस्त्यांतील पुष्कळ मुले आठवी-नववीतच शाळा सोडतात, कारण मोफत शिक्षणाच्या हक्काची मर्यादा आठवीपर्यंत आहे आणि त्यापुढची शाळा बरेचदा दूर, अपुरी किंवा खर्चाची असते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. शिकताना पैसे मिळणे ही या योजनेची अत्यंत स्वागतार्ह बाजू आहे, परंतु पात्रतेची खालची पायरी बारावी असल्यामुळे ज्याला या विद्यावेतनाची सर्वांत जास्त गरज आहे तो नववीत शाळा सोडलेला मुलगा तिच्या बाहेरच राहतो.

त्या मुलासाठी जे प्रयत्न झाले त्यांत 'युवा परिवर्तन' या उपक्रमाचा उल्लेख आवश्यक आहे. पुढे मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले बाळ गंगाधर खेर यांनी 1928 मध्ये वांद्र्याच्या पूर्वेस स्थापन केलेल्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने 1998 मध्ये तो सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना गुणपत्रिका न विचारता, थोड्या महिन्यांच्या आणि अल्प शुल्काच्या अभ्यासक्रमांतून कमाईच्या पहिल्या पायरीवर उभे करणे हा त्याचा गाभा राहिला. वर्ग वस्तीच्या जवळ असणे ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. प्रत्यक्षात रोजचा रेल्वे किंवा बसचा खर्च, दुसऱ्या टोळीच्या इलाक्यातून जाण्याची भीती आणि मुलीला लांब पाठवण्यास घरच्यांची नाराजी या तीन कारणांनी जितकी गळती होते तितकी अभ्यासक्रम कठीण असल्याने होत नाही. शुल्क अल्प का असेना पण आकारावे की नाही, यावर कार्यकर्त्यांत मतभेद आहेत. स्वतःच्या कमाईतून काही रक्कम भरलेला मुलगा वर्गाला आपला मानतो, हा अनुभव मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही.

वेळेचा प्रश्न याहून कठीण आहे. ॲपवरून मागवलेले खाद्यपदार्थ पोहोचवणारा, भंगाराच्या गोदामात माल निवडणारा किंवा लग्नाच्या हंगामात केटररकडे वाढप्याचे काम करणारा मुलगा पहिल्याच दिवशी पैसे घरी नेतो. तीन महिन्यांचा वर्ग म्हणजे त्याच्या घरासाठी तीन महिन्यांचा तोटा असतो, आणि त्यानंतर मिळणारी पहिली नोकरी अनेकदा त्या रोजंदारीपेक्षा कमी पगाराची असते. अशा परिस्थितीत वर्ग सोडून जाणाऱ्या मुलाला आळशी किंवा अस्थिर ठरवणे अन्यायाचे आहे, कारण त्याने केलेला हिशेब बरोबरच असतो.

हा तोटा कमी करायचा तर वस्तीत आधीपासून असलेल्या कसबाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. गोवंडीत जरीकाम आणि कपड्यांचे छोटे कारखाने आहेत, धारावीत चामड्याच्या वस्तू, कुंभारवाड्यातील मातीकाम आणि प्लॅस्टिकचा पुनर्वापर आहे, आणि या सर्व ठिकाणी मुले उस्तादाच्या हाताखाली शिकत आलेली आहेत. या शिकण्याची काळी बाजूही आहे; 14 वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास आणि 14 ते 18 वयोगटाला धोकादायक उद्योगांत ठेवण्यास 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने स्पष्ट बंदी असूनही तिचे उल्लंघन होत असते. पण वीस-बावीस वर्षांच्या ज्या तरुणाचे अर्धे आयुष्य सुईवर गेले आहे, त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून शिवणकाम शिकवण्यात काय अर्थ आहे? अशा कारागिरासाठी 'पूर्वज्ञानाची मान्यता' नावाची तरतूद 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तिच्यानुसार कारागिराच्या अंगी असलेले कसब तपासून, राहिलेल्या उणिवांपुरते थोडे प्रशिक्षण देऊन त्याला प्रमाणपत्र दिले जाते. कल्पना उत्तम आहे. तिची उपयुक्तता मात्र ते प्रमाणपत्र पाहून मालक मजुरीचा दर वाढवतो की नाही यावर अवलंबून आहे.

मुलींच्या बाबतीत प्रशिक्षणाची यादी फारच लवकर शिवण आणि ब्युटी पार्लरवर येऊन थांबते. या दोन्ही व्यवसायांत सन्मानाने जगणाऱ्या असंख्य स्त्रिया आहेत, परंतु एकाच वस्तीत दरवर्षी त्याच दोन व्यवसायांच्या तुकड्या बाहेर पडल्या तर त्या एकमेकींचेच दर पाडतात. मुलींच्या गळतीचे मुख्य कारण वर्गाबाहेर आहे, कारण संध्याकाळच्या वर्गावरून परतताना नशेखोरांच्या घोळक्यातून जावे लागते, सार्वजनिक शौचालय दूर असते, धाकट्या भावंडांची जबाबदारी असते, आणि अठरा पूर्ण होण्याआधीच लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणूनच 1989 पासून चेंबूर-गोवंडी भागात काम करणाऱ्या 'कोरो'सारख्या संस्थेने वस्तीतल्याच स्त्रियांमधून कार्यकर्त्या घडवण्यावर भर दिला, तो दूरदृष्टीचा होता. शेजारची परिचित बाई हमी देते तेव्हा आई मुलीला पाठवते. बाहेरच्या संस्थेच्या हमीला तिथे फारशी किंमत नसते.

ज्यांचा पोलिसांशी किंवा तुरुंगाशी प्रत्यक्ष संबंध आलेला आहे, त्या तरुणांसाठी हे काम आणखी खोलवर न्यावे लागते. टाटा इन्स्टिट्यूटच्या 'प्रयास' या प्रकल्पाने 1990 पासून मुंबईच्या तुरुंगांत तरुण कैद्यांबरोबर काम करताना एक महत्त्वाची पद्धत विकसित केली. सुटून आलेल्या व्यक्तीला थेट बाजारात नोकरी शोधायला न पाठवता तिला काही काळ एखाद्या सामाजिक संस्थेत विद्यावेतनावर ठेवायचे, जेथे तिचा भूतकाळ माहीत असूनही तिला काम दिले जाते आणि चूक झाल्यास लगेच काढून टाकले जात नाही. वेळेवर येणे, वरिष्ठांशी बोलणे, राग आवरणे, पगार हातात आल्यावर तो एका रात्रीत न उडवणे या गोष्टी त्या सुरक्षित काळात अंगवळणी पडतात. कायदाही याच दिशेने बोलतो. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला 'नव्याने सुरुवात' करू देण्याचे तत्त्व आहे, काही अपवाद वगळता त्याच्या प्रकरणाची नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद आहे, आणि 18 पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला 21 वर्षांपर्यंत पश्चात देखभाल मिळू शकते. परंतु ज्याचा गुन्हा अठराव्या वाढदिवसानंतर आठवड्याने घडला त्याला यातले काहीच लागू होत नाही. त्याच्यावरचा खटला वर्षानुवर्षे चालतो, तारखेच्या दिवशी रजा घ्यावी लागते, सुरक्षारक्षकाच्या किंवा चालकाच्या नोकरीसाठी मागितला जाणारा पोलीस पडताळणीचा दाखला त्याला मिळत नाही, आणि निर्दोष सुटेपर्यंत त्याची कमावण्याची उमेदीची वर्षे संपून गेलेली असतात.

असा मुलगा प्रशिक्षण घेऊन बाहेर पडला तरी त्याच्या अर्जावरचा पत्ता त्याच्या आधी मालकापर्यंत पोहोचतो. गोवंडी, भिवंडी किंवा मुंब्रा ही नावे वाचून मुलाखतीतला सूर बदलतो, हे त्या भागांतील तरुण वारंवार सांगतात. काही जण नातेवाइकांचा दुसरीकडचा पत्ता देतात. प्रशिक्षण संस्थेचे खरे वजन येथे कळते. एखाद्या गॅरेजमालकाला, रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला किंवा हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याला प्रत्यक्ष भेटून मुलाची हमी घेणारा, पहिल्या पगारापर्यंतच्या आठवड्यांत दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकणारा, आणि पहिली नोकरी सुटली तर दुसरीसाठी पुन्हा दार ठोठावणारा माणूस संस्थेकडे असावा लागतो. पहिली नोकरी सुटणे हे अपयश समजले जाऊ नये, कारण कामाच्या जगाची रीत बहुतेक तरुण दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीतच शिकतात, आणि सुस्थितीतील घरांतल्या मुलांना ही मुभा न मागता मिळते.

सरकारी पैशाची रचना मात्र या वास्तवाशी जुळलेली नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या 2016 ते 2020 या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला तिच्या रकमेतील 30 टक्के वर्ग सुरू झाल्यावर, 50 टक्के प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि उरलेले 20 टक्के नोकरी लागल्यावर मिळत. म्हणजे वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या संपर्कासाठी वेगळी तरतूद नव्हती, आणि नोकरीशी निगडित हिस्सा सर्वांत लहान होता. या योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी सुमारे 43 टक्क्यांनाच नोकरी मिळाल्याची नोंद आहे, आणि चौथ्या टप्प्यात तर रकमेचा नोकरीशी असलेला संबंधच काढून टाकण्यात आला. उद्योगक्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या शारदा प्रसाद समितीने उद्दिष्टांच्या अवास्तव आकड्यांवर आणि या परिषदांमधील हितसंबंधांच्या संघर्षावर त्याआधीच बोट ठेवले होते.

जी रक्कम आज एका तुकडीच्या दीडशे-तीनशे तासांसाठी मोजली जाते, तिच्यात तुकडीपूर्वीच्या सहा महिन्यांच्या वस्तीकामाचा आणि तुकडीनंतरच्या किमान एका वर्षाच्या पाठपुराव्याचा पगार धरला, तर प्रत्येक तरुणामागचा खर्च उघडच वाढेल आणि वार्षिक अहवालातील संख्या लहान होईल. ती लहान संख्या मान्य करण्याची तयारी निधी देणाऱ्या कंपन्यांनी आणि शासनाने ठेवायला हवी, आणि अहवालात प्रमाणपत्रांच्या संख्येऐवजी एका वर्षानंतर किती जण कोणत्या कामावर, किती पगारावर टिकून आहेत याचा रकाना असायला हवा. वस्तीतल्या मोबिलायझरला कायमस्वरूपी नेमणूक, समाजकार्याचे शिक्षण घेण्याची संधी आणि शिकवणाऱ्या प्रशिक्षकाइतका पगार देण्यापासून याची सुरुवात करता येते. त्यासाठी नव्या कायद्याची किंवा नव्या योजनेची गरज नाही, चालू योजनांच्या खर्चाच्या निकषांत दुरुस्ती केली तरी ते होऊ शकते.